दोन टोकांची शिवण

आमच्या बंदरात वाऱ्यावर फुगणाऱ्या शिडांपैकी निम्मी दोराच्या हातची आहेत. आणि ती स्वतः मात्र तेहेतीस वर्षं होडीत पाय ठेवत नव्हती. आचाऱ्याने दुसऱ्यांना जेवू घालावं आणि स्वतः उपाशी राहावं, तशातली गत.

दोरा हे तिचं खरं नाव नव्हे. शाळेत ती दोऱ्यासारखी बारीक होती म्हणून आम्ही ठेवलेलं. आता तिला बारीक म्हणायचं धाडस कुणी करणार नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. रंगाच्या गोदामावर तिची शिडं शिवायची लांबलचक खोली आहे. जमीन लाकडी, कापड ओढून ओढून इतकी गुळगुळीत झालेली की अनवाणी माणूसही जपून चालतो. चपला दाराबाहेर काढायच्या, चहा खिडकीत उभं राहून प्यायचा, आणि ती टाका घालत असताना बोलायचं नाही. हे नियम तिच्या नवऱ्यालाही लागू. तो बिचारा ग्रंथपाल, गप्प बसायची त्याला सवयच.

हा धंदा तिच्या वडिलांचा. वडलांमागे तो दोघी बहिणींनी चालवला. दोरा आणि तिच्याहून पाच वर्षांनी मोठी ताई. ताई डावखुरी होती, कमी बोलायची. दोरा चोवीस वर्षांची असताना एका दुपारी ताई शिवून झालेलं शीड पोचवायला छोट्या होडीतून एकटीच बेटांकडे निघाली. वारा नव्हता, पाणी आरशासारखं. संध्याकाळच्या आत होडी सापडली. आत शीड नीट घडी घालून ठेवलेलं, वल्ही जागच्या जागी. ताई नव्हती. नंतरही कधी सापडली नाही.

आमच्या खाडीत बाहेरचा समुद्र शिरत नाही, बेटांनी तो अडवलाय. कितीतरी ठिकाणी उभं राहिलं तर पाणी छातीपर्यंत येतं. त्यामुळे लोक म्हणायला लागले, "या पाण्यात बुडायचं तर ठरवूनच बुडावं लागेल." लोकांच्या जिभेला हाड नसतं. हे वाक्य दोराच्या आईने ऐकलं, दोराने ऐकलं, आणि त्या घरात ताईचा विषय संपला. आईने दोराला शपथ घातली की तू पाण्यावर जायचं नाहीस. ताईची नोंद सरकारदरबारी 'बेपत्ता' अशीच राहिली. 'मृत' लिहायला आईने कधी सही दिली नाही.

आमच्या शाळेतल्या चौकडीपैकी एकाने टपाल खात्यातून निवृत्त झाल्या झाल्या एक होडी घेतली. आठ पावलं लांब, एक शीड, खाली दोघांना वाकून बसता येईल एवढी खोली. त्या दिवसापासून त्याने स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायला सुरुवात केली. शीड अर्थातच दोराने शिवलं. चौकडीतली तिसरी दातांची डॉक्टर. तिला आम्ही दाढ म्हणतो. चौथा मी. पंचवीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून माझं नाव नकाशा.

दर वर्षी चार दिवस खाडीतून बेटांच्या कडेकडेने हिंडायचं असा कप्तानचा बेत ठरला. रात्री बेटांवरच्या साध्या खोल्यांत मुक्काम करायचा आणि दिवसभर पाण्यावर राहायचं. दोराला विचारायचं ते केवळ रीत म्हणून. ती नाही म्हणणार हे आम्हाला ठाऊक होतं.

"येते," ती म्हणाली.

दाढच्या हातातला कप तसाच राहिला. "अगं, पण शपथ?"

"आई गेली ना गेल्या महिन्यात. शपथ घालणारीच राहिली नाही, मग ती पाळायची कुणासाठी?"

पहिले दोन दिवस झकास गेले. दोरा डोलकाठीला टेकून बसायची आणि सारखी वर शिडाकडे बघायची. लेकीचं लग्न लावून दिल्यावर आई सासरी तिला बघायला जाते ना, तशी. कप्तान हुकूम सोडायचा, आम्ही चुकीच्या दोऱ्या ओढायचो, तो कपाळाला हात लावायचा. उकडलेली अंडी, पाव, थर्मासातला चहा. "तू आमच्या होडीची भिंगरी केलीस," दाढ कप्तानला म्हणाली, आणि त्याने ती स्तुतीच मानली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दोन बुटक्या बेटांमधल्या अरुंद पाण्यात शिरलो आणि वारा पडला. शीड पोट खपाटीला गेल्यासारखं लोंबू लागलं. पाण्यावर विरळ पांढरं धुकं आलं. सूर्य दिसत होता, पण भिजलेल्या कागदाआडून दिसावा तसा. कप्तान म्हणाला, "भरती लागली की निघू." मी सहज कान दिला तर पक्ष्यांचा आवाज नव्हता. दोन्ही बेटांवर झाडी होती, किनाऱ्यावर चिखल होता, म्हणजे पक्षी असायलाच हवेत. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तेवढ्यात धुक्यात दुसरी होडी दिसली. जुनी, रुंद, नांगर टाकून उभी. आडव्या काठीवर विटकरी रंगाचं शीड लोंबत होतं. कप्तानने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. आम्ही वल्हवत जवळ गेलो. होडीत सहा गॅसचे सिलिंडर, एक पाण्याचा डबा, एक शर्ट. माणूस नव्हता.

दोरा उभी राहिली. आमची होडी डुलली, पण तिला त्याचं भान नव्हतं. शिडावर हातभर लांबीचं ठिगळ होतं, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"जवळ घे," ती म्हणाली.

"अगं, दुसऱ्याची होडी आहे."

"घे म्हणते ना!"

तिने हात लांबवून ठिगळाच्या कडेवरून बोटं फिरवली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. नंतर बोट नाकाशी नेलं.

"मेण ओलं आहे," ती म्हणाली. "दोऱ्याला लावलेलं मेण अजून बोटाला चिकटतंय. हे आत्ताच शिवलंय, तासाभरापूर्वी."

"बरं मग?"

"हे टाके डाव्या हाताचे आहेत. आणि हे बघ, शिवण संपते तिथे एक टाका उलटा घेऊन दोऱ्याखालून काढलाय. असा कुणी काढत नाही. बाबांनीही नाही. फक्त ताई."

दाढने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दोरा, जगात डावखुरे पुष्कळ असतात गं."

"तू दात बघून माणूस ओळखतेस ना?" दोरा म्हणाली. "मग मला सांगू नकोस."

पाणी गुडघाभर होतं. डावीकडच्या बेटाच्या काठावर एक माणूस दगडावर बसलेला आम्हाला त्याच वेळी दिसला. पाठमोरा, पाण्याकडे पाठ करून, झाडीकडे तोंड करून. आम्ही होडी लावून पाण्यातून चालत त्याच्याकडे गेलो. पायांचा खळखळाट ऐकूनही तो वळला नाही.

"झालं का शिवून?" त्याने विचारलं.

मी मागे वळून त्याच्या रिकाम्या होडीकडे पाहिलं.

"काय शिवून झालं का?" कप्तान म्हणाला.

तो माणूस दचकून वळला आणि चार अनोळखी माणसं बघून आणखीच दचकला. साठीच्या पुढचा, उन्हाने रापलेला. बेटांवरच्या घरांना गॅसचे सिलिंडर पोचवणं हा त्याचा धंदा. सुरुवातीला तो काही सांगेना. दोराने त्याच्यासमोर चिखलात फतकल मारली आणि म्हणाली, "काका, मी शिडं शिवते. ती शिवण कुणाची ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त सांगा, ती कशी झाली."

मग त्याने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी याच जागी त्याचं शीड फाटलं. वारा नव्हता, म्हणून तो जेवायला बेटावर उतरला. परत गेला तेव्हा शीड शिवलेलं. तेव्हापासून शीड फाटलं की तो ते इथे घेऊन येतो, नांगर टाकतो, उतरतो आणि पाठ करून बसतो.

"पाठ कशाला?" दाढने विचारलं.

"एकदा वळून बघितलं. काही दिसलं नाही. पण शिवण अर्धवट राहिली, ती मला घरी जाऊन पुरी करावी लागली. तेव्हापासून वळत नाही."

"आणि कोण आहे, हे कधी विचारलं नाहीत?"

"बाई, चोख काम करणाऱ्याची चौकशी करू नये," तो म्हणाला, उठला आणि विजार झटकली. त्याला आमच्यात थांबायचं नव्हतं. होडीत चढता चढता त्याने एवढंच सांगितलं, "हाक मारू नका. हाक मारलेली आवडत नसावी." आणि तो वल्हवत धुक्यात दिसेनासा झाला.

आम्ही परत आमच्या होडीत आलो तशी दोराने पिशवीतून कात्री काढली.

"ए, ए!" कप्तान ओरडला. "कोरं शीड आहे ते!"

"माझंच आहे." तिने आमच्या शिडाची मधली शिवण दोन हात लांब उसवली. टाके तुटतानाचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला. आपल्या पिशवीतली एक सुई, मेणाचा दोरा आणि तळहाताला बांधायचा चामडी पट्टा तिने शिडापाशी ठेवला. सुई जाड कापडातून ढकलायला त्या पट्ट्यावर लोखंडी चकती असते. दुसरी सुई आणि दुसरा पट्टा तिने स्वतःजवळ ठेवला. मग आम्हाला म्हणाली, "चला."

आम्ही चौघं त्या दगडांवर पाठ करून बसलो. समोर झाडी, मागे पाणी. भर दुपारी बारा वाजता चार म्हातारी माणसं शाळेतली शिक्षा भोगावी तशी बसलेली. कप्तान एकदा हसला, मग तोही झाडीकडे बघत बसला.

पंधरा मिनिटं काही नाही. मग आवाज आला.

सर्र. टक. सर्र. टक.

कापडातून दोरा ओढल्याचा आणि चकतीवर सुई टेकल्याचा. दोराच्या खोलीत हा आवाज मी हजार वेळा ऐकलाय. दोरा माझ्या शेजारी बसली होती आणि तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

मला वळायचं होतं, खरं सांगतो. पण मान आखडल्यासारखी झाली. दाढ मात्र डॉक्टर. तिला बघितल्याशिवाय राहवेना. तिच्या औषधांच्या पिशवीत दांडीचा छोटा आरसा असतो, दात बघायचा. तो तिने काढला, खांद्यावर धरला, आणि त्यात बघितलं. दोनतीन क्षण. मग आरसा खाली ठेवला.

"कुणी नाहीये," ती कुजबुजली. "पण होडी एका बाजूला कललीय. कुणी कडेला बसल्यावर कलते ना, तशी."

तेवढ्यात आवाज थांबला. आम्ही वाट बघितली. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"तुझ्या आरशामुळे," कप्तान म्हणाला.

"नाही," दोरा म्हणाली. "ती माझ्यासाठी थांबलीय."

आणि मग तिने तेहेतीस वर्षांत कुणालाही न सांगितलेलं सांगितलं. खाली मान घालून, हळू आवाजात.

"लांब शिवण आम्ही दोन टोकांनी घ्यायचो. ती डावखुरी, मी उजवी, म्हणून समोरासमोर बसता यायचं. मध्ये भेटायचं आणि दोघींच्या दोऱ्यांची एकच गाठ मारायची. त्या दिवशी मी बसले नाही. मला कचेरीत नोकरी मिळत होती. मी तिला म्हटलं, तुझी शिडं तूच शिव, माझा जन्म यात जाणार नाही. माझ्या टोकाचीही शिवण तिनेच घातली आणि शीड घेऊन गेली." तिने पट्टा हातावर चढवला. "कुणी वळू नका. दाढ, तो आरसा पिशवीत टाक."

ती उठून पाण्यात गेली. पावलांचा आवाज, होडीत चढल्याचा आवाज. मग पुन्हा, सर्र, टक. या वेळी तो आवाज ओळखीचा होता, दोराचा, जरा घाईचा. आणि काही वेळाने दुसरा मिसळला. संथ.

आवाज दोन झाले.

मी घड्याळाकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं तेच कळत नव्हतं. बावीस मिनिटं. मधून दोराचं बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. मग दोन्ही आवाज एकदमच बंद झाले, आणि झाडीतून एक पक्षी ओरडला. त्या साध्या आवाजाने कप्तानच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"या आता," दोराने हाक मारली.

शिवण पुरी झाली होती. एका टोकाकडून उजवे टाके, दुसऱ्या टोकाकडून डावे, आणि मध्ये दोन दोऱ्यांची एक गाठ. दोरा म्हणाली की ती गाठ बांधायला चार हात लागतात, दोघींनी दोन्ही टोकं ताणून धरावी लागतात. दोरा बसली होती तिच्या समोरची फळी ओली होती. दोराच्या पावलांचे ठसे सोडले तर बाकी होडी कोरडी ठणठणीत.

"तू बघितलंस?" मी विचारलं.

"शिवताना मान वर करायची नसते. ताईनेच शिकवलंय."

"म्हणजे काहीच दिसलं नाही?"

"पाय दिसत होते," ती म्हणाली. आणि तिने दोन्ही सुया पिशवीत टाकल्या.

वारा सुटला. आम्ही निघालो. ती ओली फळी रिकामी ठेवून आम्ही चौघं पलीकडच्या कडेला दाटीवाटीने बसलो होतो, ठरवून नाही, आपोआप. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की चौघांचं वजन एका अंगाला असूनही होडी सरळ चाललीय. मी कप्तानकडे पाहिलं. सुकाणू धरून तो समोर बघत होता, पण त्यालाही कळलं होतं. बेटांच्या बाहेर मोकळ्या पाण्यात आलो आणि होडी एकदम आमच्या बाजूला कलली. थर्मास घरंगळला. दाढ मुकाट्याने उठली आणि ओल्या फळीवर जाऊन बसली.

घरी आल्यावर पुढच्याच आठवड्यात दोराने मला फोन केला. नगरपालिकेत यायला साक्षीदार हवा होता. ताईची नोंद करायची होती. कारकून चांगला माणूस होता, त्याने कागद पुढे ओढून विचारलं, "मृत्यूचं कारण काय लिहू?"

दोराने कागदावरच्या त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता ती रडणार.

"अपघात लिहा," ती म्हणाली. "पाय घसरला."

जिन्यात मी विचारलं, "तिने सांगितलं तुला?"

"नाही. मी विचारलंच नाही. पण माझ्या टोकाची शिवण तिने परत माझ्यासाठी ठेवली ना? रागावून गेलेलं माणूस असं करत नाही."

मी त्यावर वाद घातला नाही. त्या दिवसापासून ती हलकी झाली. खोलीत बोलायला बंदी होती ती उठली. नवरा आता तिथे बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. दर वर्षी ती आमच्याबरोबर येते, सुकाणूही धरते. वाईट धरते.

या वर्षी पावसाळ्यानंतर मी तिच्याकडे चहा पीत होतो तेव्हा तो सिलिंडरवाला जिना चढून आला. खांद्यावर विटकरी शीड, दोन ठिकाणी फाटलेलं.

"तुम्हीच शिवा आता," तो म्हणाला. "तिथे होत नाही."

"कधी गेला होता?" दोराने विचारलं.

"परवा. तीन तास पाठ करून बसलो. शीड जसंच्या तसं."

दोराने मान हलवली. तिला ते अपेक्षित असावं. "नाहीच होणार, काका. आता तिथे कुणी नाही."

सिलिंडरवाल्याने शीड जमिनीवर ठेवलं. चपला काढायला तो विसरला होता, आणि दोरा त्याला काही बोलली नव्हती.

"असं कसं?" तो म्हणाला. "शिवायचा आवाज येत होता की. पूर्ण तीन तास."

मी दोराकडे पाहिलं. तिने शीड ओढून मांडीवर घेतलं, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"गुरुवारी या," ती म्हणाली.